दीड फुटांची जहागीर

अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरची लेन 105 तास 33 मिनिटांत डांबरून झाली. जागतिक विक्रम! काम सुरू झालं 3 जून 2022 रोजी, सकाळी 7 वाजून 27 मिनिटांनी. 3 जून म्हणजे जागतिक सायकल दिन. बाप्पा, असा मुहूर्त साधायलाही नशीब लागतं. भर उन्हात तापल्या डांबरावर राबलेल्या मजुरांना सलाम. त्यांच्याशी आपलं भांडण नाही.

आपली तक्रार दीड फुटांची. शहरात शिरलं की रस्त्याच्या कडेला पांढरा पट्टा दिसतो. त्यापलीकडचे दीड फूट सायकलवाल्याचे. सातबारा नाही, नुसती वहिवाट. मागून बुलेटवाला ओरडतो, ‘अबे, बाजूनं चाल ना बे!’ तो याच जहागिरीकडे बोट दाखवत असतो.

तर जहागिरीचा पंचनामा. आधी गिट्टी. मग नालीची जाळी. तिच्या सळया नेमक्या रस्त्याच्या दिशेनं बसवलेल्या, म्हणजे चाक फसलं की स्वार हँडलवरून थेट पुढच्या वॉर्डात. मग गिलावड्याची गाडी, तिची गिऱ्हाइकं, गिऱ्हाइकांच्या स्कूटी आणि स्कूटीला टेकून फोनवर जमिनीचा सौदा करणारे एक भाऊ. त्यांना वळसा घालावा तर समोरून राँगसाइडनं ऑटो. पुढे कुणाच्या तरी बांधकामाची रेती, इतकी जुनी की तिच्यावर बेशरम उगवलंय. झाडाचं म्हणतोय मी. फुटपाथ? आहे ना, त्यावर डीपी आहे.

रस्त्याची जागा वाटताना वाहनं नाही, माणसं बघा, असं राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण 2006 सालीच सांगून मोकळं झालं. आमच्याकडे वाटणी झाली ती अशी: दुभाजकाला ऐसपैस जागा, त्यात शोभेचे ताड, ताडांना रंगीत दिवे. आणि ज्या कडेनं सायकलवाला जातो, त्या कडेचे कडुनिंब रुंदीकरणात आडवे. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर जातो, तेव्हा सावली पाहिजे कडेला. ती लावली मधोमध, तीही ताडाची! काचा चढवून एसीत बसलेल्याला ती काय चाटायची आहे? अरे, कामावर निघालेल्या मिस्त्रीनं, पहाटेच्या दूधवाल्यानं, ट्यूशनच्या पोरीनं तुमचं काय घोडं मारलं? मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. तीच मुलगी कॉलेजला शहरात आली की तिच्या सायकलीला टायरभर जागा नाही. मग बाप कर्ज काढून स्कूटी घेतो, आणि तुम्ही म्हणता, ‘ट्रॅफिक फार वाढली हो, उड्डाणपूल पाहिजे.’

नकाशे काढणाऱ्या साहेबांना एकच विनंती. मे महिन्यात, दुपारी बारा वाजता, अमरावतीत राजापेठहून पंचवटी चौकापर्यंत एकदा सायकलनं जा. सोबत कॅमेरेवाले नकोत, पुढे सायरनही नको. सायकल माझी घ्या. हवा मी भरून देतो.