परवडणारे कृष्णविवर

२०१४ च्या ‘इंटरस्टेलर’ चित्रपटात बाप कृष्णविवरातून मर्फ या लेकीच्या घड्याळाचा सेकंदकाटा मोर्स संकेतांत थरथरवतो आणि मानवजात वाचते. २०१९ मध्ये हॅमिल्टन कंपनीने ते ‘मर्फ’ घड्याळ बाजारात आणले. काट्यावर मोर्समध्ये ‘युरेका’. काटा मात्र मुकाट पुढे सरकतो. शिवाय किंमत अशी, की मानवजात फक्त सधनांनीच वाचवावी.

हा अन्याय स्वस्त नकलांनी दूर केला, त्याबद्दल त्यांचे त्रिवार अभिनंदन. त्यांत सेल असतो. तो संपत आला, की काटा खरोखरच जागच्या जागी थरथरतो! ही सोय महागड्या स्वयंचलित मूळ घड्याळातही नाही. सुज्ञ ग्राहकाने तत्काळ कागद-पेन्सिल घेऊन संदेश उतरवावा आणि कोपऱ्यावरच्या घड्याळजीला दाखवावा. तो न वाचताच विश्वाचे गूढ उकलतो : “सेल गेलाय. पट्ट्याचे पैसे वेगळे.”