मु. पो. वांद्रे पश्चिम, परदेश

आमच्या विट्याकडची पोरं गलाईच्या धंद्यात शिरली की पंजाबापासून केरळापर्यंत कुठंही जातात, सोनं-चांदी गाळतात आणि दिवाळीला गळ्यात साखळी घालून गावी येतात. परमुलखात राहण्याचं आमच्याकडे कुणाला कौतुक नाही. त्यामुळे वांद्र्याच्या एका शाळेत इंग्रजीच्या मास्तरची नोकरी लागल्याचं मी जाहीर केलं, तेव्हा चुलते एवढंच म्हणाले, "मुंबईतच नव्हं?"

त्यातला "तच" मला फार लागला. मी परदेशी निघालो होतो. पासपोर्टऐवजी पश्चिम रेल्वेचा सेकंड क्लासचा पास होता, इतकंच.

सरहद्द म्हणजे रेल्वेचे रूळ. पूर्वेला साहित्य सहवास, कलानगर, सरकारी वसाहत: हा मायदेश. तिथं वाण्याशी मराठीत हुज्जत घालता येते. पश्चिमेला उतरलं की व्हिसा लागतो. खुद्द सचिन तेंडुलकरला साहित्य सहवासातून पेरी क्रॉस रोडच्या बंगल्यापर्यंत पोचायला किती शतकं काढावी लागली! मी तर शिवाजी विद्यापीठाच्या एम.ए.च्या जोरावर एकदम चॅपल रोडला एका आंटीच्या मागच्या खोलीत येऊन पडलो होतो. सचिनपेक्षा आपण लवकर पोचलो, हा विचार माझ्या मनात खरोखर येऊन गेला. त्या काळात माझी तब्येत तशीच होती.

पहिल्या दिवशी सातवीच्या वर्गात जाऊन मी "गुड मॉर्निंग" म्हणालो. पोरांनी ते परत केलं आणि परत आलेलं माझ्यापेक्षा चांगलं होतं. मला शेक्सपिअर इंग्रजीतून येत होता. "पंखा जरा बारीक कर" इंग्रजीतून येत नव्हतं. पहिला आठवडा मी तसंच वाऱ्यात शिकवलं.

दुसऱ्या आठवड्यात शुद्धलेखन सांगताना माझ्या तोंडून "व्हाइट व्हॅन" गेलं. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. अत्यंत अदबीनं तिनं विचारलं, की सर, या दोन शब्दांची सुरुवात तुम्ही एकसारखी का करता?

आता इथं मला थोडं सविस्तर बोलू द्या, कारण या प्रश्नावर मी सहा महिने घालवलेत. इंग्रजी व्ही म्हणजे वरचे दात खालच्या ओठावर टेकवून वारा सोडायचा. डब्ल्यू म्हणजे दातांना रजा देऊन ओठांचा चंबू करायचा. आपला मराठी व या दोघांच्या मधे, कुणाचंच मन न दुखवता उभा असतो. साहेबाचा व्ही आला तेव्हा आपण व ला ह जोडून व्ह बनवला आणि व्हॅनची सोय केली. इथवर हुशारी. पण मग व्हाइट, व्हील, व्हाय यांनाही तोच व्ह लावून टाकला. एकाच सदऱ्यात दोन भाऊ लग्नाला गेले.

आणि हे आपल्या एकट्याचं नाही. लोकलमधून पाट्या बघा. विरार, वसई आणि विलेपार्ले व्ही. वडाळा डब्ल्यू. असं का, ते कुणी ठरवलं, तेव्हा दात कुठं होते, काही कळत नाही. आणि वांद्रे? थेट बी! गाडीतली बाई मराठीत "पुढील स्टेशन वांद्रे" म्हणते, हिंदीत लगेच तिचं बांद्रा होतं. पोर्तुगीजांनी वसईचं बासाईं केलं, तसंच या गावाचं बांदोरा केलं. म्हणजे एका बिचाऱ्या व साठी मुंबईनं व्ही, डब्ल्यू आणि बी अशी तीन अक्षरं वापरलीत. ही माझी बाजू मी वर्गात मांडली. त्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओके सर. बट इट्स वाइट."

मग मी रोज रात्री आरशासमोर सराव सुरू केला. वरचे दात, खालचा ओठ, वारा. पुन्हा दात, ओठ, वारा. एका रात्री आंटी दारात येऊन उभी राहिली. तीन महिने आम्ही फक्त इंग्रजीत बोललो होतो. म्हणजे ती बोलायची, मी व्याकरण तपासून उत्तर द्यायचो. तिनं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "कोनावर दात-ओठ खातंस रे?"

मराठीत!

आंटी ईस्ट इंडियन. तिचे पूर्वज इथलेच, पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेले. गोवा-मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्ती मंडळींपेक्षा आपण वेगळे, हे साहेबाला कळावं म्हणून त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, कंपनी सरकारची आठवण देणारं हे इंग्रजी नाव घेतलं. नाव इंग्रजी, बोलणं मराठी. तिच्या घरी लग्नाआधी वाजतगाजत उंबराचं पाणी आणतात, उन्हाळ्यात मसाला भाजून बिअरच्या बाटल्यांत ठासून भरतात, आणि माउंट मेरीला ती मोतमाउली म्हणते. आणि आम्ही दोन मराठी माणसं तीन महिने पाण्याच्या वेळेवर इंग्रजीत चर्चा करत होतो! "आधी का नाही बोललात?" मी विचारलं. ती म्हणाली, "तू टीचर. मला वाटलं तुला मराठी येत नाय."

मला हे ऐकून आनंद झाला. खोटं कशाला बोलू, भयंकर आनंद झाला. आपण दिसतोच तसे, असं वाटून मी दोन दिवस चॅपल रोडवरून जरा वेगळा चाललो.

तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये फोन वाजला. आजूबाजूला सहकारी बसलेले. मी नंबर न बघता उचलला आणि दात, ओठ, सगळं जागच्या जागी ठेवून म्हणालो, "येस, स्पीकिंग. आयम इन अ मीटिंग." पलीकडे क्षणभर काही नाही. मग आवाज आला, "सॉरी सर. राँग नंबर लागला जनू." आणि फोन बंद.

तो आवाज मला ठाऊक होता. आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. रजेचा अर्ज घेऊन डेपो मॅनेजरसमोर उभे राहिले की ते हा आवाज काढायचे. एरवी भरल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज साहेबापुढं असा आत जायचा, आणि लहानपणी मला त्याचा फार राग यायचा. त्यांनीच मला तर्खडकरांची पाठमाला जुन्या बाजारातून आणून दिली होती, जुन्या वेबिलांचं कव्हर घालून. स्वतःला इंग्रजी येत नसे. मराठी अर्थावर तळहात ठेवून ते मला शब्द विचारायचे, आणि मी बरोबर सांगितलं की नाही हे हात उचलून बघायचे.

मी जिन्यात जाऊन उलटा फोन लावला.

"आरं, तूच व्हतास?" ते म्हणाले. "मला वाटलं, साहेबालाच लागला."

बोलायचं काहीच नव्हतं. भुईमूग काढला, एवढं सांगायचं होतं.

तेव्हापासून त्यांचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं. "सर हायती का?"

"न्हाईत."

"मग आमच्या दाद्याला द्या जरा."

दात-ओठ जिथल्या तिथं ठेवून मी म्हणतो, "व्हय, बोला."