वर जाणार कसे?

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी वास्तुकलेच्या पंधरा दिवसांच्या वर्गात नाव घातलं. बाकी सगळी बारावीची परीक्षा देऊन आलेली मुलं. पहिल्या दिवशी मी आत शिरलो, तर सगळी उभी राहिली. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो, तेव्हा हिरमुसून खाली बसली.

आधी स्केल शिकलो. १:५० म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचा अर्धा मीटर. मी पट्टीची १:१०० ची बाजू धरली आणि सगळं निम्म्यावर आलं. न्हाणीघरात बादली गेली की माणूस बाहेर!

मग स्वप्नातलं घर. दोन मजले, ओसरी, झोपाळा, वर अभ्यासिका. माझ्या मुलीच्या वयाच्या बाई म्हणाल्या, "काका, छान आहे. पण वर जाणार कसे?"

"ते काय आपल्या हातात असतं?"

बाई हसल्या नाहीत. नकाशावर बोट टेकवून म्हणाल्या, "जिना कुठंय?"

सतराव्या शतकात ब्लोंदेल या फ्रेंच वास्तुतज्ज्ञानं जिन्याचं गणित मांडलं. पायरीची उंची दुप्पट करून तीत रुंदी मिळवायची. बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी, म्हणजे साधारण ६० ते ६४ सेंटिमीटर यावी. पायरी १५ उंच, ३० रुंद धरली, तर तीन मीटर चढायला २० उंच्या आणि सरळ जिन्याला पावणेसहा मीटर जागा. अभ्यासिका गेली. जिना मध्ये वळवला, तर झोपाळा गेला.

गृहपाठ होता, राहत्या घराची मापं घ्या. आमच्या इमारतीच्या सगळ्या पायऱ्या १६ सेंटिमीटर, शेवटची १९. पावलाला उंचीची सवय लागते, म्हणून तिथेच ठेच लागते. इतकी वर्षं आम्ही पाहुण्यांच्या चष्म्यांना नावं ठेवत होतो.

मग टेप घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ओटा कोपराच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली हवा; आमचा बायकोच्या कोपराखाली बावीस निघाला.

"म्हणून तुझी कंबर दुखते," मी शोध जाहीर केला.

"ओटा ठेंगणा आहे, हे मी सव्वीस वर्षं सांगतेय."

"सांगत होतीस, पण सेंटिमीटरमध्ये नव्हतीस!"

तिनं लाटणं माझ्या हातात दिलं. "मग ओटा उंच होईपर्यंत पोळ्या तुम्ही लाटा."

माझं कोपर तर तिच्याहूनही वर. पंधरा दिवसांत जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते आठव्या पोळीला कंबरेत शिरलं.