तक्रार नोंदवली आहे, खेळ चालू द्या

ऑनलाइन खेळांत ‘रिपोर्ट’ म्हणजे शिवीगाळ करणाऱ्या किंवा चोरटे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या खेळाडूविरुद्ध बटण दाबून केलेली तक्रार आणि ‘मॉडरेशन’ म्हणजे ती वाचून, अथवा न वाचताच, दिलेला निकाल, ही व्याख्या मान्य केल्यास रायपूरच्या चौबे कॉलनीत रात्री दहानंतर भरणाऱ्या न्यायालयांची गणती करणे अवघड आहे. महाराष्ट्र मंडळाच्या परिसरातील मराठी घरांतूनही ‘रिपोर्ट मार’ ही आज्ञा शुद्ध रायपुरी हिंदीत सुटते आणि ती बहुधा हरलेल्या बाजूकडूनच येत असल्याने चोराच्या उलट्या बोंबांना आता स्वतंत्र बटण मिळाले आहे.

‘बीजीएमआय’ हा बंदुकांचा खेळ बंदीनंतर मे २०२३ मध्ये परतला तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन आणि प्रौढांना सहा तासांची मर्यादा घालण्यात आली. कॉलनीतील काही आजोबांच्या नावाने मध्यरात्रीपर्यंत चाललेले युद्ध हे या नियमाचेच फलित मानावे लागेल. अशा आजोबांना कोणी शिवी दिलीच, तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने चोवीस तासांत पोच आणि ठरावीक मुदतीत निकाल द्यायचा असतो, आणि निकाल न पटल्यास २०२३ पासून थेट केंद्राने नेमलेल्या अपिलीय समितीकडे जाता येते. दरम्यान शिवी देणारा नवे नाव घेऊन त्याच मैदानात उतरलेला असतो, कारण शिक्षा खात्याला होते आणि खाते फुकट मिळते.

हे तंत्र केवळ पोरांचे नव्हे, याचा पुरावा तीसेक किलोमीटरवरील भिलाईशी नाते सांगणाऱ्या ‘महादेव बुक’ या सट्ट्याच्या जाळ्याने दिला. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार दुबईतून चालणाऱ्या या धंद्याच्या शाखा, ज्यांना ‘पॅनेल’ म्हणतात, नफ्याच्या सत्तर-तीस वाटणीवर दिल्या जात. एक संकेतस्थळ बंद झाले की दुसरे उघडे. केंद्राने ५ नोव्हेंबर २०२३ रोजी महादेवसह २२ ॲप आणि संकेतस्थळांवर बंदी घातली, तेव्हा छत्तीसगढच्या पहिल्या टप्प्याच्या मतदानाला दोन दिवस उरले होते. दीड वर्ष तपास करूनही राज्याने बंदीची विनंतीच पाठवली नाही, असे केंद्रीय मंत्री म्हणाले, तर अधिकार हाती असताना केंद्र आजवर का थांबले, असे राज्याने विचारले. खेळाच्या परिभाषेत सांगायचे तर दोन्ही संघांनी परस्परांना रिपोर्ट केले होते आणि पंच, जो दोहोंपैकीच एका संघाचा होता, नेमका सामना संपत आला असता जागा झाला.

ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळावर सरसकट बंदी घातली, चालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड ठरवला, खेळणाऱ्याला मात्र शिक्षेतून वगळले, आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धात्मक खेळांना, प्रोत्साहन देऊ केले. त्यामुळे चौबे कॉलनीतील आजोबांना आता सरकारी उत्तेजनासह शिव्या खाता येतील.