मुस्तफाला सुकेळी

माझ्या आईच्या मते माझा सर्वांत जुना मित्र म्हणजे मुस्तफा. गेली तीस वर्षं ती त्याची ख्यालीखुशाली विचारते आहे आणि मी ‘बरा आहे’ म्हणून सांगतो आहे. हे खोटंही नाही. मुस्तफा खरोखरच बरा आहे. त्याचा एक केस पिकलेला नाही की पोट सुटलेलं नाही. व्हिडिओ गेममधल्या माणसांचं तेवढं बरं असतं.

मी आठवीत होतो तेव्हाची गोष्ट. आम्ही वसईत पापडीला राहायचो आणि स्टेशनजवळच्या एका गाळ्यात व्हिडिओ गेमचं दुकान होतं. बाहेर पडदा, आत अंधार, चार मशिनं, आणि गल्ल्यावर एक काका, ज्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यातल्या एका मशिनच्या पडद्यावर ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ असं नाव झळकायचं. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ मध्ये एका अमेरिकन कॉमिकवरून काढलेला हा गेम. पण एवढं नाव घेईपर्यंत दुसराच कुणीतरी मशिन पकडायचा. शिवाय कॅडिलॅक नावाची मोटार पापडीत कुणी पाहिली होती? गेममध्ये चार भिडू. त्यातले जॅक, हॅना आणि मेस ही परकी माणसं वाटायची. चौथा मुस्तफा मात्र आपल्याच आळीतला. तोच सर्वांत चपळ. धावत येऊन त्यानं लाथ घातली की समोरचे दोघं-तिघं एकदम आडवे. म्हणून गेमचं नावच ‘मुस्तफा’. हे बारसं आम्ही केलं असं आम्हाला वाटायचं. पुढे कळलं, की देशभरातल्या पोरांनी एकमेकांना न विचारता हेच नाव ठेवलं होतं.

एकदा शेजारच्या पोरानं फाटकाबाहेरून हाक मारली, “चल रे, मुस्तफाला उशीर होतोय!”

“कोण रे हा मुस्तफा?” आईनं विचारलं.

“वर्गातला,” मी म्हणालो.

“हुशार आहे का?”

“खूप. सगळ्यांना लोळवतो.”

“मग जात जा त्याच्याकडे. काहीतरी शिकशील.”

तेव्हापासून आई मला मुस्तफाकडे जायला एसटीचे पैसे देऊ लागली. आम्ही स्टेशनपर्यंत चालत जायचो आणि एसटीचे पैसे मुस्तफावर उडवायचो.

रुपयाचं एक नाणं म्हणजे एक डाव. गेमचे टप्पे आठ. तिसऱ्यात खुद्द कॅडिलॅक चालवायला मिळायची, पण तिथवर गाडी क्वचितच जायची. वाटेत पिंपं असायची. पिंप फोडलं की कधी आतून खायला निघायचं आणि ते खाल्लं की लाइफ भरायची. जमिनीवर पडलेलं खाऊ नये, हा घरचा संस्कार पडद्याबाहेर चपलांपाशी काढून ठेवावा लागे.

मेलो की पडद्यावर उलटे आकडे सुरू. नऊ, आठ, सात... शून्याच्या आत नाणं पडलं तर मुस्तफा जिथे पडला तिथेच उठून उभा. मग एकच कल्ला, “कॉइन टाक, कॉइन टाक!” खिसे उलटे होत, कंपासपेटी उपडी होई, जन्मजात वैऱ्याला ‘भावा’ म्हणावं लागे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये तटाला सुरुंग लावून वसईचा किल्ला घेतला, ते थोरच. त्यांना वेढ्यात काही महिने घालवावे लागले, पण नऊ आकड्यांत सुटा रुपया शोधावा लागला नव्हता.

शेवटच्या टप्प्यात डॉक्टर फेसेंडेन नावाचा बॉस असतो म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की त्याला आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. विरारला राहणाऱ्या कुणाच्या तरी मामेभावानं पाहिलं होतं आणि त्यानंतर तो मामेभाऊ पूर्वीसारखा राहिला नाही, अशी वदंता होती. रोज तेच मशिन, तेच गुंड, तीच पिंपं. तरी कंटाळा यायचा नाही. रामनवमीच्या कीर्तनाला बसलेल्या आजीला रावणाचं काय होतं हे ठाऊक नसतं का? फरक इतकाच, की आमच्या कीर्तनात रावण कधी मरायचाच नाही. त्याच्या आधी आमचे रुपये मरायचे.

त्या वर्षी ईद आली आणि आईनं विचारलं, “मुस्तफाच्या घरून शीरखुर्मा नाही आला?” प्रश्न रास्त होता. एवढी दोस्ती आणि वाटीभर शीरखुर्मा नाही? मी वर्गातल्या एका खऱ्याखुऱ्या मित्राकडे गेलो आणि बेशरमपणे डबा मागून आणला. आईनं चाटूनपुसून वाटी संपवली आणि म्हणाली, “डबा रिकामा देऊ नये.” डब्यात तिनं सुकेळी भरली. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली, मधासारखी गोड, चिवट, वसईची खास. आता डबा मुस्तफाचा नव्हता आणि सुकेळी तर मुस्तफासाठी होती. या धर्मसंकटावर विचार करता करता मी स्टेशनपर्यंत चालत गेलो. पोहोचेपर्यंत संकट संपलं होतं, सुकेळीही. मित्राला डबा रिकामाच परत मिळाला.

दिवस गेले, दुकान गेलं, तिथे मोबाइलची कव्हरं मिळू लागली. मी विरारला राहायला गेलो. आता माझा मुलगा आठवीत आहे. त्याच्या गेममध्ये शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो. मी म्हटलं, हे मी रोज सकाळी नालासोपाऱ्याला विमानाशिवाय बघतो. “बाबा, याला एंडच नाही,” तो अभिमानानं म्हणाला. एंड टेट्रिसलाही नव्हता. पाजितनोव या रशियन गृहस्थानं १९८४ मध्ये मॉस्कोत तो केला. ठोकळे पडत राहणार, आपण रचत राहणार आणि केव्हातरी हरणार. २०२३ मध्ये अमेरिकेतला तेरा वर्षांचा एक मुलगा तो इतका खेळला, की शेवटी गेमच गोठला. आमच्या मुस्तफाचं उलट होतं. त्याला एंड होता, आमची ऐपत नव्हती.

परवाच्या पावसाळ्यात मुलानं माझ्या मोबाइलमध्ये तो जुना मुस्तफा घालून दिला. मी तो घेऊन विरार लोकलमध्ये बसलो. शेजारी तोच शीरखुर्मावाला मित्र. तोही आता विरारकर, चर्चगेटपर्यंतचा सोबती. नाणं टाकायला एक बटण होतं. दाबलं की कॉइन, पुन्हा दाबलं की पुन्हा कॉइन, सगळं फुकट. वसईला आम्ही कॅडिलॅक चालवत होतो. भाईंदरच्या खाडीवर मेलो, उठलो. बोरिवलीला चार वेळा मेलो, चार वेळा उठलो. आणि अंधेरी यायच्या आत, तीस वर्षं ज्याच्या नुसत्या कथा ऐकल्या, तो डॉक्टर फेसेंडेन धारातीर्थी पडला. पडद्यावर नावं सरकू लागली.

“एवढंच?” मित्र म्हणाला.

दादरपर्यंत आम्ही दोघं कुणाच्या तरी मयताहून आल्यासारखे बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मोबाइल खिशातून निघाला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. जो गेम वर्षानुवर्षं जुना झाला नव्हता, तो एका फास्ट लोकलमध्ये संपला होता. मजा मुस्तफाच्या लाथेत होती, असं मी इतकी वर्षं समजत होतो. ती निम्मी त्या रुपयात होती.

शेवटी मित्रानंच तोड काढली. कॉइनचं बटण दाबण्याआधी शेजाऱ्याला यूपीआयनं एक रुपया पाठवायचा. दिवसाला माणशी तीन रुपये, उधारी बंद. महिन्याअखेरीस जमेल त्याचे वडापाव. दुसऱ्या दिवशी बोरिवलीलाच आमचे पैसे संपले आणि उलटे आकडे सुरू झाले तशी मित्राच्या तोंडून डब्याला ऐकू जाईल अशी आरोळी निघाली, “कॉइन टाक!” रमीवाल्या मंडळींनी पत्ते खाली ठेवून बघितलं. डॉक्टर फेसेंडेन त्यानंतर आम्हाला दिसलेला नाही. तब्येतीनं बरा असावा.

रविवारी आईकडे पापडीला गेलो होतो. “मुस्तफा भेटतो का रे?” तिनं विचारलं.

“रोज गाडीत असतो.”

“लग्नबिग्न?”

“कुठलं? अजून धावपळच चाललीय त्याची.”

आईनं सुस्कारा सोडला आणि आत जाऊन सुकेळीचं पुडकं आणलं. “त्याला दे. आणि या वेळी वाटेत खाऊ नकोस.”

मी दचकून तिच्याकडे पाहिलं. ती पदराला हात पुसत होती.

सोमवारी गाडीत पुडकं उघडलं. मित्रानं विचारलं, “कुणासाठी?”

“मुस्तफासाठी.”

“म्हणजे मीच तो. डबा माझा होता,” असं म्हणत त्यानं दोन उचलली. तेवढ्यात पडद्यावर मुस्तफा पडला. नऊ, आठ, सात... हात चिकट, रुपया पाठवायचा कसा? आम्ही दोघंही चघळत आकडे बघत राहिलो.

“आईला सांग,” शून्य झाल्यावर मित्र म्हणाला, “मुस्तफा म्हणाला, गेल्या वेळेपेक्षा गोड होती.”

“गेल्या वेळची तू खाल्लीस कुठे?”

“म्हणूनच.”