धुराचे खातेदार

आमचे अप्पासाहेब भूमी अभिलेख खात्यातून सेवानिवृत्त झाले, त्या वेळी चतुःसीमा, पोटहिस्से आणि फेरफार यांत छत्तीस वर्षे मुरलेला हा गृहस्थ आता ज्ञानेश्वरीचे पारायण करील, निदान सोसायटीच्या चिटणीसपदाला तरी उभा राहील, अशी आम्हा शेजाऱ्यांची वाजवी अपेक्षा होती. परंतु ग्लासगोस नोकरीला असलेल्या त्यांच्या चिरंजीवांनी एका उन्हाळ्यात त्यांना स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका बेटाची यात्रा घडविली, आणि एरवी अत्तराच्या दुकानात किंवा गाण्याच्या बैठकीत आढळणारी, 'वाहवा' म्हणण्यापूर्वी डोळे मिटून मिनिटभर थांबणारी जी दर्दी नावाची जात आहे, तिच्यात ते सामील होऊनच परतले. त्या बेटाचे नाव इंग्रजी अक्षरांबरहुकूम वाचले तर हटकून चुकते. बिनचूक उच्चार 'आयला' असा आहे, आणि अप्पासाहेब तो दिवसातून इतक्या वेळा व इतक्या भक्तिभावाने करीत की, परगावाहून आलेल्या वहिनींच्या मावशींनी, सेवानिवृत्तीनंतर जावयाच्या तोंडाला काही धरबंध उरला नाही, असा निष्कर्ष काढून मुक्काम दोन दिवस आधीच आवरता घेतला.

या बेटावर अप्पासाहेबांची जमीन आहे. तेथील लाफ्रॉइग नावाची, 1815 सालापासून चालत आलेली भट्टी 1994 पासून आपल्या चाहत्यांना दलदलीच्या माळापैकी एकेक चौरस फूट तहहयात भाडेपट्ट्याने देते. कुळाने मालकाला खंड घालावा हा जगाचा शिरस्ता. येथे मालकच कुळाला दरसाल एक घोट व्हिस्की देणे लागतो, मात्र कुळाने ती समक्ष हजर होऊन वसूल केली पाहिजे. गुंठ्यात 1089 चौरस फूट भरतात हे ज्याला झोपेतही सांगता येते, त्या माणसाने ही धारणा एका गुंठ्याचा 1089 वा हिस्सा म्हणून आपल्या वहीत विधिवत चढविली, पट्ट्याचा कागद चौकटीत बसवून देवघराशेजारी लावला, आणि जमीन पडीक राहिल्यास कुळाचा हक्क जातो काय, हा प्रश्न मला तीनदा विचारला.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सायंकाळी ते निरनिराळ्या वयांच्या व्हिस्कींची सुनावणी घेतात आणि पंच म्हणून मला पाचारण होते. (सुनावणी हा शब्द त्यांचाच, 'बैठक' म्हटले तर रागावतात.) प्रथम ते पाकिटातून आपला परवाना काढून मेजावर ठेवतात, कारण 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याखालचा हा कागद प्रकृतीच्या संरक्षणार्थ दिला जातो आणि त्यांनी तो तशाच गांभीर्याने घेतला आहे. अमेरिकेत दारूबंदी असताना लाफ्रॉइगच्या अंगच्या आयोडिनसारख्या वासामुळे ती औषध म्हणून खपली, अशी जी ख्याती आहे, ती ते या प्रसंगी पूर्वदाखला म्हणून सांगतात. मग पोट फुगीर आणि तोंड निमुळते असे तीन पेले येतात. नातवाच्या औषधाच्या बाटलीतील नळीने प्रत्येकात मोजून तीन थेंब पाणी पडते. आणि वही उघडते.

नवख्याला वाटते की, जितकी वर्षे अधिक तितका धूर अधिक. अप्पासाहेब त्याची कीव करतात. दलदलीत सहस्रावधी वर्षे कुजून दबलेल्या शेवाळाची ढेकळे, ज्यांना तिकडे पीट म्हणतात, ती जाळून त्या धुरावर मोड आलेले सातू वाळवितात. धूर दाण्यात शिरतो तो तेव्हाच, पुढे पिंपात तो निवतच जातो. आर्डबेगच्या सातूत धुराचे अंश दहा लाखांत सुमारे 55 असतात, असे कोणी ऐटीने सांगितले की ते म्हणतात, "हा आकडा दाण्याचा, बाटलीचा नव्हे. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि कब्जातले क्षेत्र एक असते का?" बाटलीवर छापलेले वय आतील सर्वांत तरुण व्हिस्कीचे असते, हा नियम तर त्यांना फारच भावला; एकत्र कुटुंबाचे वय धाकट्या पातीवरून धरणारा इतका सचोटीचा दाखला आपल्या साऱ्या नोकरीत पाहिला नाही, असे ते म्हणतात. मात्र लाकडी पिंपातून दरसाल शेकडा दोनच्या आसपास माल हवेत उडून जातो व त्याला तिकडे 'देवदूतांचा वाटा' असे गोंडस नाव आहे, हे त्यांच्यातल्या अधिकाऱ्याला आजही पटत नाही. आमच्या गोदामात एवढी तूट आली असती, तर देवदूतांसकट सर्वांची चौकशी लागली असती!

गेल्या शनिवारी प्रसंग बाका होता. लाफ्रॉइग दहा वर्षांची, लागावूलिन सोळा वर्षांची, आणि चिरंजीवांनी आणलेली लाफ्रॉइग पंचवीस वर्षांची, जिची किंमत वहिनींना अद्याप कळलेली नाही, अशा तिघी पेल्यांत उतरल्या. आणि कोणी पंखा लावल्यामुळे पेल्यांखालच्या ओळखीच्या चिठ्ठ्या उडून गेल्या. अप्पासाहेबांनी तासभर हुंगले. डांबर, हर्णैच्या बंदरावरची सुकत घातलेली मासळी, टिंक्चर, होळीच्या दुसऱ्या दिवसाची माती असे एकेक वास त्यांनी नोंदविले, खोडले, पुन्हा नोंदविले. निकाल काही लागेना.

इतक्यात वहिनी कांदाभज्यांची थाळी घेऊन आल्या. या बाईने आयुष्यात द्राक्षासवापलीकडे मजल मारलेली नाही. पहिल्या पेल्यावर हातभर अंतरावरूनच नाक मुरडून त्या म्हणाल्या, "अहो, हा तर ओली लाकडं घालून पेटवलेला बंब!" दुसऱ्याशी क्षणभर थांबल्या. "आणि ही दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बंबातली राख. माझ्या माहेरचा वास आहे हा."

अप्पासाहेबांनी टाक उचलला. दहा वर्षे, पंचवीस वर्षे, असा फैसला क्षणार्धात वहीत उतरला आणि खाली 'साक्षीदार : गृहिणी, मद्य न घेणारी' अशी नोंदही झाली. "आणि तिसरा?" त्यांनी अधीरतेने विचारले.

"तिसरा रिकामा आहे," वहिनी म्हणाल्या.

पंचांकडे सर्वांनी पाहिले. पंचांनी भजे उचलले.