बघू अण्णा

नळदुर्गात हायवेच्या कडेला नवीन प्लॉटिंग पडलं, की पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी बघू अण्णा पोचलेले असतात. जेसीबीनं मुरूम ओढला, फक्कीच्या रेघा मारल्या, कमानीवर ‘सिटी’ नाहीतर ‘व्हॅली’ असं काहीतरी झळकलं, की अण्णांची मोटरसायकल कमानीखाली स्टँडवर. त्यांचं खरं नाव आता रेशनकार्डावर आणि पेन्शनच्या कागदावरच उरलंय. झेडपीच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाले, पण परीक्षा घ्यायची खोड गेली नाही. आता ते बिल्डरांची घेतात.

घर घ्यायचंय हे मात्र खरं. खोटं गिऱ्हाईक नव्हे ते. वाडा वाटणीत भावाकडं गेला, तेव्हापासून अण्णा भाड्याच्या दोन खोल्यांत आहेत. भाडं दर साली वाढतं, घरमालकाची पोरं मोठी होऊन त्यांची लग्नं झाली, आणि अण्णा अजून घर बघतायत. काकू सुरुवातीला बरोबर जायच्या. आता नुसतं विचारतात, “आज कुणाला नापास करून आलाव?”

अण्णांची पाहणी एकदा जवळून बघण्यासारखी असते. परवाचं सॅम्पल रोहाउस घ्या. एजंट तरणा, बोलायला गोड. “या अण्णा, हा हॉल, हे किचन, हा मास्टर बेडरूम.” अण्णा मास्टर बेडरूममध्ये गेले, चपला काढल्या आणि पलंगावर सरळ आडवे झाले. दोन्ही पावलं पलंगाच्या बाहेर. तसेच पडल्या पडल्या त्यांनी खिशातला टेप काढून पोराच्या हातात दिला. “मोज.” पोरानं मोजलं. पलंग साडेपाच फुटांचा निघाला. “खोली मोठी दिसावी म्हणून पलंग कापलाय,” अण्णा उठत म्हणाले, “माणसं कुठून कापणार?”

मग खिशातून गोटी निघाली. बाथरूमच्या फरशीवर सोडली. ती जाळीकडं जायच्या ऐवजी उंबऱ्याकडं आली, आणि उंबरा ओलांडून थेट हॉलमध्ये. अण्णांनी गोटी उचलली, पुसली, खिशात टाकली आणि त्यांचा ठेवणीतला प्रश्न काढला.

“पाणीमहाल बघितलायस का रे?”

नळदुर्गच्या पोराला हा प्रश्न म्हणजे अपमानच. बोरी नदीवर किल्ल्यात बांधलेला बंधारा, त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ मध्ये, मीर इमादीन नावाच्या स्थापत्यकारानं उभा केला. पावसाळ्यात नर आणि मादी असे दोन धबधबे सुटतात, नदी डोक्यावरून जाते आणि आत खिडकीशी उभा राहिलेला माणूस कोरडा असतो.

“चारशे वर्षं नदी वरून चाललीय, आत थेंब नाही,” अण्णा म्हणाले. “आणि तुझ्या वरच्या मजल्यावर कुणी तांब्याभर पाणी सांडलं, तर खालच्या सोफ्यावर छत्री लागंल. का?”

पोरगं हुशार होतं. त्यानं विषय फिरवला. “अण्णा, आपल्या गच्चीवरनं धबधबा दिसतोय बघा. व्ह्यूचा रेट वेगळा असतोय.”

“धबधबा बोरी धरण भरल्यावर. ज्या साली भरणार नाही, त्या साली व्ह्यूचे पैसे माघारी देणार का? लिहून दे.”

लिहून दे, हा अण्णांचा खरा मंत्र. तोंडी शब्दावर त्यांचा विश्वास नाही आणि त्याला दाखला थेट देवाचा देतात. नळदुर्ग आणि अणदूर या दोन गावांत खंडोबाची मूर्ती एकच. देव सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला असतो, आणि हलताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत रीतसर लेखी करार होतो. “देवाचं पझेशन लेखी असतं,” अण्णा एजंटाला सांगतात, “आणि तू मला म्हणतोस, दिवाळीपर्यंत देऊन टाकू अण्णा, घरचंच काम आहे!”

पण बिल्डर खरे घाबरतात ते अण्णांच्या कागदांना. आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. नळदुर्ग तर एके काळी जिल्ह्याचं ठिकाण होतं. त्यामुळं इथली जमीन नुसता ताजा सातबारा बघून घ्यायची नसते. एजंट तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट पुढं करतो, तर अण्णा १९५४ चं खासरा पत्रक मागतात. मूळ जमीन मदतमाश इनामाची तर नव्हती, देवस्थानची तर नव्हती, कुळाचं नाव कधी लागलं आणि कुठल्या फेरफारानं गेलं, हे सगळं त्यांना पाहिजे. एखादा जुना कागद उर्दूत निघाला, की सगळे सुस्कारा सोडतात. अण्णा मात्र तो वाचून घ्यायला म्हातारा मुन्शी शोधून काढतात, त्याला चहा पाजतात आणि अर्थ लावून आणतात. रेराचा कायदाही पाठ. करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर रक्कम घेता येत नाही, गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ताबा दिल्यावर पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरनं पदरच्या पैशानं दुरुस्त करायचा. “नुसते अकरा हजार देऊन बुक करून ठेवा,” म्हणणाऱ्याला अण्णा ही कलमं उभ्या उभ्या ऐकवतात.

आणि एवढं होऊन, कागद स्वच्छ निघाले, गोटी बरोबर जाळीत गेली, भावही परवडला, तर? तर अण्णा घड्याळ बघतात. “बघू,” म्हणतात आणि किक मारतात.

नकाराला कारण दर वेळी नवीन. भाव चढले, की “आता कुठं, पडू दे थोडे.” भाव थांबले, की “काहीतरी गडबड असणार, नाहीतर थांबले कशाला?” सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेचं काम निघालं, तेव्हा एजंट म्हणाले, रेल्वे आल्यावर हात लावू देणार नाहीत लोक, आत्ताच घ्या. अण्णा म्हणाले, रेल्वे येऊ दे, मग घेऊ. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे तर त्यांनीच काकूंना आनंदानं सांगितलं. काकू म्हणाल्या, “आजवर जे भाडं दिलं, त्याचे किती टक्के झाले तेवढं सांगा.” त्या दिवशी अण्णा संध्याकाळपर्यंत देवळात बसून होते.

पोरगा पुण्यात, खराडीला कंपनीत. त्यानं वाघोलीला फ्लॅट बघितला आणि बापाला बोलावलं. चूक त्याचीच. अकराव्या मजल्याच्या बाल्कनीत उभं राहून अण्णांनी खाली बघितलं. गेटपाशी टँकरची रांग लागलेली. “पाणी कुणाचं?” “टँकरचं, बाबा. सगळीकडं असंच आहे इथं.” अण्णा म्हणाले, “आमच्याकडं दुष्काळ पडल्यावर टँकर येतो. तुमच्याकडं कर्ज काढल्यावर येतो.” पोरानं फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला अण्णा गेले, आणि सत्यनारायणाच्या आधी किचनच्या फरशीवर गोटी सोडून आले.

या माणसाला हसू नये असं एक कारण आहे, आणि ते अण्णा स्वतः कधी सांगत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ते सास्तूरकडच्या भागात मास्तर होते. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वरची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. पिढ्यान् पिढ्या मजबूत म्हणून मिरवलेली घरं होती ती. त्यानंतर ज्याला भिंतीला हात लावून बघावंसं वाटतं, त्याला नुसता चिकित्सक म्हणता येत नाही. पण भीतीला एकदा टेप आणि गोटी मिळाली, की तिचा छंद होतो. आणि अण्णांचा तो आता झालेला आहे. घर घेतलं तर उद्यापासून सकाळी जायचं कुठं?

घराबाहेर एकदाच त्यांना निरुत्तर झालेलं बघितलं. सोलापूरजवळ कुंभारीला असंघटित कामगारांची रे नगर वसाहत झाली. १९ जानेवारी २०२४ ला तिथल्या १५,००० घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या माणसांची घरं. अण्णा अर्थातच बघायला गेले. दारात सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या एका बाईला त्यांनी सवयीनं विचारलं, “मावशी, पाण्याचं काय? रस्त्याचं काय? दवाखाना किती लांब?” ती हात न थांबवता म्हणाली, “आधी राहायला आलो. राहिलेलं भांडून आणू की.” अण्णांनी खिशात हात घातला. गोटी बाहेर काढली नाही. येताना एसटीत बराच वेळ एक शब्द बोलले नाहीत. अणदूर आलं तेव्हा म्हणाले, “दरवाजाची चौकट मात्र बरी होती.”

अण्णांनी नापास केलेल्या प्लॉटिंगमधून गावातली कितीतरी माणसं वाचली, हेही तितकंच खरं. वर्ग दोनची जमीन एनए म्हणून खपवणारे दोघेतिघे त्यांच्यामुळं उघडे पडले. आज नळदुर्गात कुणी घर घ्यायचं म्हटलं, की कागदांची पिशवी आधी अण्णांकडं जाते. ते फुकट बघतात, चुका दाखवतात, चांगलं असेल तर चांगलं म्हणतात. त्यांनी पास केलेल्या घरांत आता लोक राहतायत, आंब्याची झाडं लावतायत, पाहुण्यांना गच्चीवरून धबधबा दाखवतायत. भाड्याच्या दोन खोल्यांत तेवढे अण्णा राहिलेत.

तेव्हा तुमच्या गावाबाहेरही असा कुणी अण्णा उभा असेल, तर त्याला टाळू नका. सातबारा त्याला दाखवा, फेरफार दाखवा, गोटीही त्यालाच सोडू द्या. तो सांगेल त्यातलं बहुतेक सगळं ऐका. फक्त “मग घेऊ का?” हा प्रश्न त्याला विचारू नका. ती सही तुमची तुम्हालाच करायची आहे.